नायट्याचं मलम लागू पडलं, का नायटा आपणहून गेला?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. भुदरगड तालुक्यातल्या एका पोराच्या आबांनी करंजेल, गंधक आणि कडुलिंबाचा पाला कढवून एक मलम केलंय. यंदाच्या पावसाळ्यात घरच्या आणि शेजारच्या मिळून १४ रेडकांना लावलं, दीड महिन्यात १२ बरी झाली. आता त्याला विचारायचंय की हे मलम नायट्यावर चालतं हे 'प्रूव्ह' कसं करायचं, लॅबमधनं रिपोर्ट काढला की झालं का, डब्या भरून विकायला घेऊ का, आणि कोल्हापुरात राहणाऱ्या बहिणीच्या पर्शियन मांजरालाही नायटा झालाय तर तिलाही हेच लावू का.

भावा, आधी आबांना माझा नमस्कार सांग. १४ पैकी १२ बरी झाली यात मला काडीची शंका नाही. फक्त एक सांगतो, राग मानू नको, मलम न लावता नुसती बांधून ठेवली असती तरी त्यातली बरीचशी तोपर्यंत बरी झाली असती नाहीतर बरी व्हायच्या वाटेला लागली असती. वासरा-रेडकांचा नायटा बहुतेक वेळा एक ते चार महिन्यांत आपणहून जातो. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपंय, आणि हे बसत नाही म्हणूनच आपल्याकडं दर गावात नायट्याचं एक जालीम औषध असतंय. कुणाचं जळकं ऑइल, कुणाचं मोरचूद, कुणाचं बॅटरीचं पाणी, आणि सगळ्यांची जनावरं बरी होतात. बॅटरीच्या पाण्यानं कातडं भाजलेलं रेडकूसुद्धा शेवटी बरं होतंय, मग मालक म्हणतो बघा डॉक्टर, कडक औषध हाय.

दुसऱ्याला कशाला हसू, मीपण तेच केलंय. पहिली दहा-बारा वर्षं मी एक मिक्श्चर द्यायचो, व्हिटफिल्डचं मलम म्हणजे ६ टक्के बेंझोइक अॅसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक अॅसिड, त्यात माझं स्वतःचं थोडं टिंक्चर आयोडिन. माझी त्याच्यावर इतकी श्रद्धा बसली होती की दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून सांगायचो. पन्हाळ्याकडच्या एका म्हातारीनं मला एकदा तोंडावर सांगितलंवतं, "दसरा झाला की जातंय बघा ते, तुम्ही कशाला ओरबाडताय त्याला". मी हसलो होतो. मग २०१९ चा महापूर आला. पंचगंगेच्या काठची जनावरं उंचावर हलवली, एका पत्र्याखाली चार-पाच गोठ्यांची वासरं-रेडकं अंगाला अंग लावून उभी, आणि पूर ओसरून तीन-चार आठवडे झाले की जिकडंतिकडं नायटा. माझ्याकडचं मिक्श्चर निम्म्या गोठ्यांनाच पुरलं, बाकीच्यांना म्हटलं आणतो पुढच्या आठवड्यात, आणि त्या गडबडीत जाणं झालंच नाही. दोन महिन्यांनी लसीकरणाला गेलो तेव्हा दोन्हीकडची वासरं मला ओळखू येईनात कुठली औषधाची आणि कुठली बिनऔषधाची. त्या दिवशी गाडीत बसून म्हातारीची आठवण आली.

आता हे आपोआप जातं म्हणजे काय होतं ते समजून घे, कारण औषध तपासायची सगळी गोम तिथंच आहे. नायटा म्हणजे किडा नाही, बुरशी. गाई-म्हशीत बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोजम, कुत्र्या-मांजरांत मुख्यतः मायक्रोस्पोरम कॅनिस. ही बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे केस, शिंग, कातड्याचा वरचा मेलेला थर. केसाच्या मुळाशी जिथं नवीन केराटिन तयार होत असतं तिथं ती वाढते, केस पोखरते, केस तुटतो, आणि आपल्याला तो गोल, राखाडी, पिठासारख्या जाड खपलीचा चट्टा दिसतो, रेडकाच्या डोळ्याभोवती, कानामागं, मानेवर. तीन-चार आठवड्यांत शरीराला तिची ओळख पटते, पेशींची प्रतिकारशक्ती जागी होते, तिथं सूज येते, बुरशीला वाढायला जागा उरत नाही आणि खालून नवीन केस येतो. एकदा असा बरा झालेला पशू सहसा त्याच बुरशीला परत बळी पडत नाही, म्हणून तर रशियात गाईंसाठी जिवंत बुरशीची लस निघाली आणि नॉर्वेनं ती वापरून कळपंच्या कळपं नायटामुक्त केले. कोकरू असो, वासरू असो, खेळ सगळा प्रतिकारशक्तीचा आहे. आणि म्हणूनच माणसांच्या मेडिकलमधली ती क्लोबेटासोल घातलेली ट्यूब जनावराला चोळू नको, त्यातलं स्टेरॉइड नेमकी तीच प्रतिकारशक्ती झोपवतंय. दोन दिवस लाली कमी दिसते, मालक खूश, आणि पुढं चट्टा पसरत जातो.

तर मग आबांनी मलम कधी लावायला घेतलं? चट्टे चांगले दिसायला लागल्यावर, म्हणजे लागण होऊन दोन-तीन आठवडे उलटल्यावर. म्हणजे शरीर कामाला लागायच्या नेमक्या वेळेला. त्यानंतर दीड महिना. शिवाय तू म्हणतोस पावसाळ्यात सुरू केलं, म्हणजे संपेपर्यंत ऊन पडलेलं, जनावरं ओल्या गोठ्यातनं बाहेर रानात चरायला सुटलेली, गर्दी कमी, हिरवा चारा पोटात. या सगळ्याचं श्रेय एकट्या मलमाला गेलं.

हे फक्त आपल्या गावठी मलमाचं होतं असं समजू नको, शिकल्या-सवरल्या लोकांचंही झालंय. पिसवांवर एक गोळी यायची, ल्युफेन्युरॉन. पिसूच्या कवचात कायटिन असतं ते ती बनू देत नाही. बुरशीच्या भिंतीतही कायटिन असतंच, मग २००० साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या कुत्र्या-मांजरांच्या जुन्या नोंदी काढून छापलं की या औषधानं नायटा झटक्यात बरा होतो. जगभर डॉक्टरांनी ते द्यायला सुरुवात केली, मीही दोन-चार मांजरांना दिलं, बरी झाली, मी खूश. नंतर अमेरिकेत नीट प्रयोग झाले, काही मांजरांना औषध, काहींना नाही, आणि सगळ्यांना नायट्याच्या मांजरांसोबत ठेवलं. औषधवाल्यांनाही नायटा झालाच आणि बरा व्हायलाही म्हणावा असा फरक पडला नाही. विचार कर, कायटिनचं लॉजिक ऐकायला किती पटणारं होतं. पण त्या जुन्या नोंदींत तोलायला बरोबरीचा बिनऔषधाचा गटच नव्हता.

याच्या उलट ग्रिसिओफुल्विन हे बुरशीवरचं औषध बघ. १९३९ साली सापडलेलं, कितीतरी वर्षं पडून होतं, मग १९५८ साली जेंटल्स नावाच्या शास्त्रज्ञानं नायटा लावलेल्या गिनीपिगांना ते तोंडातनं दिलं आणि ते बरे झाले, तिथनं पुढं माणसांत आणि जनावरांत त्याचं युग सुरू झालं. गिनीपिगचा नायटासुद्धा महिन्याभरात आपोआप उतरणीला लागतो बरं का, दोन आठवड्यांच्या आसपास तो सगळ्यात जोरात असतो. म्हणजे तिथंही शेजारच्या पिंजऱ्यात औषध न दिलेले गिनीपिग नसते तर कुणालाच काही कळलं नसतं.

आता तुझा लॅबचा प्रश्न. तुला वाटतंय की मलम एखाद्या लॅबला दिलं, त्यांनी प्लेटवर बुरशी लावली, मध्ये मलमाचा थेंब टाकला, भोवती बुरशी उगवली नाही, असा गोल झोन पडला, फोटो काढला, झालं प्रूव्ह. असे रिपोर्ट मी ढिगानं बघितलेत, पाल्याच्या अर्काचे, मुळीच्या काढ्याचे, सगळ्यांना झोन पडलेलाच असतो. पहिली अडचण, तुमचं मलम तेलातलं आहे आणि प्लेटमधलं अगर म्हणजे जेलीसारखं पाणीच, तेल त्यात पसरत नाही. म्हणून लहान झोन म्हणजे कमजोर औषध असं नसतं आणि मोठा झोन म्हणजे जालीम असंही नसतं, कोण किती पसरतं एवढंच त्यातनं कळतं. दुसरी अडचण, तेल पसरावं म्हणून लॅबवाले त्यात डीएमएसओ नाहीतर ट्वीन असली मिसळवणारी रसायनं घालतात, आणि त्या नुसत्या डीएमएसओची बुरशीवर काय करामत होते ती वेगळी प्लेट लावून बघितली का हे विचारलं की बऱ्याच ठिकाणी शांतता पसरते. बरी पद्धत म्हणजे द्रवात औषधाचं प्रमाण निम्म्यानं उतरवत न्यायचं आणि सगळ्यात कमी किती औषधात बुरशी उगवत नाही ते बघायचं, त्याला एमआयसी म्हणतात, अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेची त्यासाठी एम३८ नावाची ठरलेली रीत आहे. पण नायट्याच्या बुरशीसाठी अमुक एमआयसी असली की जनावर बरं होणार आणि तमुकच्या वर गेली की नाही, अशी सर्वमान्य रेघच आखलेली नाही. एमआयसी बिनकामाची नव्हे. माणसांत सध्या जो चिवट गजकर्ण पसरलाय त्यातली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी टर्बिनाफाइन या बुरशीच्या औषधाला दाद देत नाही हे त्यातनंच पकडलं गेलं. औषध नक्की चालणार नाही हे ती बरं सांगते. चालेल हे सांगताना जपून.

आणि तिसरी अडचण सगळ्यात मोठी, ती कुणी बोलतच नाही. प्लेटवरची बुरशी आणि गोठ्यातली बुरशी एक नाहीत. म्हणजे जात एकच, पण प्लेटवर ती मऊ धागे आणि नाजूक बीजाणू करते, आणि केसात शिरल्यावर तेच धागे तुटून जाड कवचाचे आर्थ्रोस्पोर होतात, केसाच्या आत आणि बाहेर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे चिकटलेले. ते वाळलेल्या खपलीत महिनोनमहिने, गाईच्या नायट्याचे तर काही वर्षंसुद्धा, जिवंत राहतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं उदाहरण घे. नुसत्या द्रवात तरंगणारे बीजाणू ते मारतं, पण नायट्याचे केस त्यात बुडवून मग प्लेटवर लावले की बुरशी मजेत उगवते. तेच केस चुना-गंधकाच्या द्रावणात नाहीतर ०.२ टक्के एनिलकोनॅझोल या बुरशीनाशकात बुडवले तर उगवत नाही. क्लोरहेक्सिडिनला मायकोनॅझोल या बुरशीच्या औषधाची जोड दिली की तेही चांगलं काम करतं. म्हणजे लॅबला मलम द्यायचंच असेल तर असं सांग की झोन नको, नायट्याच्या जनावराचे उपटलेले केस आणि खपल्या घ्या, त्यातले निम्मे मलमात ठेवा, निम्मे नुसत्या करंजेलात, आणखी थोडे साध्या पाण्यात, मग मलम चांगलं धुऊन काढा आणि प्लेटवर लावा. धुणं विसरलं तर औषध केसाबरोबर प्लेटवर जातंय आणि तिथंच बुरशी दाबून धरतंय, केसातली मेली म्हणून आपण टाळ्या वाजवतो.

इथं एक गोष्ट तुझ्या आबांच्या बाजूची. चुना-गंधकाचं द्रावण म्हणजे लाइम सल्फर हे कुत्र्या-मांजरांच्या नायट्यावर आजही जगातल्या सगळ्यात भरवशाच्या बाहेरून लावायच्या औषधांत धरतात. अंड्यासारखा घाण वास मारतं, पांढरं मांजर पिवळं करतं, चांदीचे दागिने काळे पाडतं, पण काम करतं. तेव्हा गंधक हाताशी घेणारा माणूस वेडा नाही. फक्त करंजेलात कालवलेली गंधकाची पूड आणि चुन्याबरोबर शिजवलेलं गंधक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचं नाव दुसऱ्याला लावता येत नाही. आणि घरी चुलीवर शिजवायच्या भानगडीत पडू नका, त्यातनं विषारी वायू निघतो.

बरं, आता खरी परीक्षा, जनावरावरची. पण त्याच्याही आधी, तो नायटाच होता का? पावसाळ्यात खपल्या धरणारा डर्माटोफिलस म्हणून जंतू आहे, खरूज आहे, मस आहेत, लम्पीच्या गाठी फुटून सुकलेल्या असतात, लांबनं सगळं सारखंच दिसतं. डर्माटोफिलस जंतू आहे बुरशी नाही, त्याला बुरशीचं औषध चालत नाही पण ऊन पडून कोरडं झालं की तोही बरा होतो, म्हणजे परत श्रेय मलमाला. तेव्हा चट्ट्याच्या मधले नाही, कडेचे केस चिमट्यानं उपटायचे, कापायचे नाहीत, आणि कडेची खपली खरवडून कागदी पाकिटात घ्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नको, ओलावा धरून भलतीच बुरशी माजते. आधी स्पिरिटनं जागा पुसून घे आणि पुसल्यावर वाळू दे. मलम लावलेल्या जागेचं सॅम्पल आणू नको, चार-सहा दिवस काही न लावता मग आण. स्लाइडवर कॉस्टिक पोटॅशचा थेंब घालून बघितलं की केसाभोवतीचे आर्थ्रोस्पोर त्याच दिवशी दिसतात, पण ती बघायला सरावलेली नजर लागते, तेलाचे बुडबुडे आणि बीजाणू यात नवीन माणूस हमखास फसतो. कुणीतरी तुला जांभळा लाइट मारून बघू म्हणेल, वुड्स लॅम्प, तो मांजराच्या मायक्रोस्पोरम कॅनिसला बरा, हिरवट चमकतं. गाई-म्हशीच्या नायट्याला चमकत नाही, उलट मलमच चमकायचं.

कल्चर, म्हणजे सॅम्पलमधली बुरशी प्लेटवर उगवून बघणं, ते लावताना लॅबवाल्याला म्हशीचं सॅम्पल आहे हे मुद्दाम सांग. ट्रायकोफायटॉन व्हेरुकोजम हे फार नखऱ्याचं आहे, त्याला खाण्यात थायामिन हे जीवनसत्त्व लागतं, बऱ्याच वेळा इनॉसिटॉलपण, त्याला ३७ डिग्री ऊब आवडते, आणि ते इतकं सावकाश उगवतं की चार-चार आठवडे प्लेट ठेवावी लागते. नेहमीच्या रिवाजानं प्लेट थंड जागी ठेवून पंधरा दिवसांत फेकून दिली की रिपोर्ट निगेटिव्ह येणार. आता याचा ट्रायलवर काय परिणाम होतो बघ, सुरुवातीला पॉझिटिव्ह आणि औषधानंतर निगेटिव्ह आला, तर ते औषधानं झालं का प्लेट लवकर फेकल्यानं झालं? म्हणून दोन्ही गटांची सॅम्पलं एकाच दिवशी, एकाच लॅबला, एकसारखे दिवस मोजून, आणि पाकिटावर फक्त नंबर, कुठल्या गटाचं ते नाही.

गट कसे करायचे. तू म्हणशील १० रेडकांना लावतो १० ना नाही लावत. समज महिन्यानं मलमवाल्यांत ६ बरी झाली आणि बिनमलमाच्यांत ३. गावात कुणालाही सांग, दुप्पट म्हणेल, नादखुळा औषध. पण मलम पूर्ण बिनकामाचं असतं तरी २० मधली जी ९ बरी व्हायची होती ती नुसत्या नशिबानं दोन गटांत इतकी किंवा याहून जास्त वाकडी वाटली जाण्याची शक्यता १०० त ३७ आहे. जवळजवळ छापा-काट्यासारखंच. आपण धरलं की महिन्यात आपोआप १०० तली ३० बरी होतात आणि आबांच्या मलमानं ७०, एवढा मोठा फरक खरोखरच असला तरी तो बऱ्यापैकी खात्रीनं पकडायला एका गटात २४ जनावरं लागतात, दोन्ही मिळून ४८. फरक लहान असला तर याच्या कितीतरी पट. एका गोठ्यात इतकी नायट्याची रेडकं मिळणार नाहीत, गावच्या दूध संस्थेत सकाळी दूध घालायला सगळे येतात तिथं बोल, पाच-सहा गोठे जमव.

आणि प्रत्येक गोठ्यात दोन्ही गट पाहिजेत. एका गोठ्याला मलम आणि दुसऱ्याला नाही असं करू नको, एकाचा गोठा कोरडा असतो, दुसऱ्याचा गव्हाणीपासनं दाव्यापर्यंत ओला, मग तू मलम नाही, गोठाच तपासत बसशील. हां, एका गोठ्यात ठेवलं की बिनमलमाचं रेडकू शेजारच्याला परत लागण देऊ शकतं, ही खोट राहणारच, लांब बांधायची, खरारा आणि दावं वेगळं ठेवायचं, एवढं आपल्या हातात. काही जण एकाच जनावराच्या डाव्या चट्ट्याला मलम आणि उजव्याला नाही असं करतात, जनावर तेच, वय तेच, प्रतिकारशक्ती तीच, म्हणून मला ती रीत आवडते. पण रेडकू मान वळवून चाटतंय आणि दोन्हीकडं सारखं करून ठेवतंय, मानेवरच्या चट्ट्यांपुरतीच ती बरी.

बिनमलमाच्या गटाला काहीच करायचं नाही असंही नको. आबा मलम लावायच्या आधी काय करतात? मी पैजेवर सांगतो, कोमट पाण्यानं खपली भिजवतात, ब्रशनं घासून काढतात आणि मग मलम. आता गुण खपली काढण्याचा का मलमाचा? खपलीत बुरशीचा सगळा साठा असतो, ती काढली की निम्मी लढाई तिथंच होते. म्हणून दोन्ही गटांची खपली सारखीच काढायची, ती गोळा करून जाळायची, शेणात टाकायची नाही, मग एका गटाला मलम आणि दुसऱ्याला नुसतं करंजेल, त्याच रंगाचं करून, सारख्या डबीत. डब्यांवर फक्त नंबर, आणि कुठला नंबर कशाचा ते गावातल्या मास्तरांकडं पाकिटात बंद. लावणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की हात आपोआप आपल्या मलमाला जास्त चोळतोय, हे मी स्वतःच्या हातावरनं सांगतो. करंजेलच गुणकारी निघालं तर काय, असं विचारशील, तर तिसरा गट नुसत्या खपली काढण्याचा लागेल, म्हणजे ७२ रेडकं. तेवढी जमली तर मला फोन कर, मी स्वतः येतो.

मोजायचं काय? "कमी आलंय" हे मोजमाप नाही. दर आठवड्याला त्याच चट्ट्याचा फोटो, शेजारी दहाचं नाणं धरून, आणि ते फोटो अशा माणसानं बघायचे ज्याला गट माहीत नाही. खपली गेली आणि कडेनं नवीन केस आला तर 'बरा दिसतोय', आणि कल्चर निगेटिव्ह आलं तर 'बरा झाला', या दोन वेगळ्या नोंदी. केस आलेल्या जनावराच्या अंगावर जिवंत बीजाणू असू शकतात. उलट गोठ्यातली धूळ अंगावर बसूनही कल्चर पॉझिटिव्ह येतं आणि जनावर बरं झालेलं असतं. मांजरात म्हणून एक सोय करतात, नवीन टूथब्रश सगळ्या अंगावरनं फिरवून प्लेटवर टोचायचा आणि किती वसाहती उगवल्या ते मोजायचं, दहाच्या वर म्हणजे जोरात लागण, एक ते चार म्हणजे बहुधा धूळ नाहीतर उतरणीला लागलेला नायटा. नुसतं हो-नाही पेक्षा हे किती तरी बोलकं. शेवटचं सॅम्पल घ्यायच्या आधी आठवडाभर मलम बंद, का ते वर सांगितलंच.

मालकांची लेखी संमती घे. नायटा चार आठवडे लांबला तर रेडकू मरत नाही, पण डोळ्याच्या पापणीवर चढला, अंगभर पसरला, खाणं सुटलं, तर त्या दिवशी त्याला ट्रायलमधनं काढून डॉक्टरांकडनं उपचार, आणि ट्रायल संपली की मलम चांगलं ठरलं तर दुसऱ्या गटालाही. मुद्दाम बुरशी लावून जनावर आजारी पाडायचा प्रयोग घरी अजिबात नाही, त्याला कायद्यानं संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नाहीतर मुंबईला परळच्या कॉलेजात एखादा एमव्हीएस्सीचा पोरगा विषय शोधत असतोच, त्याच्या गाइडला भेट. तुमच्याकडं जनावरं आहेत, त्यांच्याकडं मायक्रोस्कोप आणि परवानग्या.

विकायचं म्हणशील तर आत्ता नको. शेजाऱ्याला वाटीत दिलं ते वेगळं, डबीवर 'नायट्यावर हमखास' छापून विकलं की ते औषध झालं आणि औषध बनवायला लायसन लागतं. त्यात म्हशीच्या अंगावर जे चोळलं ते सडाकडं, दुधाकडं जातं का हा प्रश्न वेगळाच. रेडकांना ठीक, दुधाच्या म्हशीच्या कासेजवळ लावू नका.

मांजराला लावू नको. मांजर अंग चाटून साफ करतंय, जे अंगाला लावशील ते पोटात गेलं समज. पर्शियनचा नायटा तर वेगळंच प्रकरण आहे, लांब केस, कधी कधी एक चट्टा दिसत नाही आणि अंगभर बीजाणू. त्याला इट्राकोनॅझोल पोटातनं, एक आठवडा देऊन एक आठवडा बंद अशा पद्धतीनं, आणि वरनं आठवड्यातनं दोनदा लाइम सल्फर किंवा मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, आणि घरातले गालिचे-गाद्या रोज साफ. डोस तिथल्या डॉक्टरांनी वजनावर ठरवायचा. जुन्या डॉक्टरांपैकी कुणी ग्रिसिओफुल्विन लिहून दिलं आणि मांजर गाभण असेल तर देऊ नका, पिल्लं व्यंगाची होतात. आणि बहिणीच्या हातावर गोल चट्टा उठलाय का ते आधी बघ, असेल तर तिनं माणसांच्या त्वचारोगवाल्याकडं जायचं. माझ्या स्वतःच्या मनगटावर आजवर तीनदा उठलाय, दोनदा रेडकांचा आणि एकदा मांजराचा, तेव्हा सॅम्पल काढताना ग्लोव्हज घाल आणि आबांनाही घालायला लाव, ते ऐकणार नाहीत तरी.

पुढच्या आठवड्यात कडेचे केस पाकिटात घालून चार-पाच रेडकांचे आण, पोटॅशची स्लाइड मी दवाखान्यात लगेच दाखवतो, त्याचे पैसे नकोत. गट पाडायच्या चिठ्ठ्या मात्र शाळेतल्या एखाद्या पोराकडनं उचलून घे, आबांना डब्यात हात घालू देऊ नको. त्यांची नजर तयार आहे, कुठलं रेडकू आठ दिवसांत उठणार हे त्यांना चिठ्ठी न बघताच कळतं, आणि मलम कुणाला लावायचं ते हात बरोबर शोधून काढतो.